मैदान मोकळं का राहिलं, तिथून सुरुवात करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाचनालयासाठी मुंबईच्या मैदानांवर वीस फलकांचं प्रदर्शन करायचं आहे. ओव्हल, क्रॉस आणि आझाद मैदान, शिवाजी पार्क, शिवाय तुमच्या गल्लीमागचं छोटं मैदान, असा आवाका आहे. माहिती शोधली तर सगळीकडे तेच वाक्य सापडतं, की ‘इंग्रजांनी लोकांच्या मोकळ्या हवेसाठी ही मैदानं राखली’. यापलीकडे इतिहास कसा शोधायचा आणि खरंखोटं कसं करायचं, हे तुम्ही विचारलं आहे.

माझ्या मते अडचण माहितीच्या तुटवड्याची नाही, प्रश्न चुकीच्या टोकाने विचारला जातोय. मैदानाचा इतिहास म्हटलं की लोक नाव, पुतळा आणि गाजलेल्या सभा गोळा करतात. यातून दिनदर्शिका तयार होते, इतिहास नाही. मैदान म्हणजे जिथे कोणी बांधकाम केलं नाही अशी जमीन, आणि मुंबईत जमीन आपोआप रिकामी राहत नाही. तेव्हा पहिला प्रश्न: इथे बांधायला कोणी मनाई केली, आणि कशासाठी? दुसरा: ती रिकामी जागा कोणी, कशासाठी, कोणाच्या परवानगीने वापरली? नाव आणि पुतळा त्यानंतर.

ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज हे चारही एकाच मोठ्या पट्ट्याचे तुकडे आहेत. त्याचं जुनं नाव एस्प्लनेड. कोटाच्या (आजच्या फोर्ट भागाच्या) तटाबाहेर तोफांना मारा करायला मोकळा टप्पा हवा म्हणून तिथली घरं आणि माडांच्या वाड्या हटवल्या गेल्या. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी कोटात मोठी आग लागली. त्यानंतर मोकळ्या पट्ट्याची हद्द आणखी मागे रेटली आणि देशी वस्तीची वाढ पट्ट्यापलीकडे, काळबादेवी-गिरगावाच्या बाजूला वळवली. म्हणजे आज आपण ज्याला शहराची फुफ्फुसं म्हणतो ती जागा लष्कराने रिकामी करून घेतलेली होती. पक्कं बांधकाम तिथे चालत नसे. कोरड्या दिवसांत गोऱ्या अधिकाऱ्यांचे तंबू आणि तात्पुरते बंगले उभे राहत, पावसाळ्याआधी ते उतरवावे लागत. १८५७च्या १५ ऑक्टोबरला सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं, तेही याच मैदानावर, जमावासमोर. ‘मोकळ्या हवेसाठी राखलं’ हे वाक्य फलकावर छापण्याआधी एवढं ध्यानात असू द्या.

१८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तट पाडले. इथे बरेच जण घाई करतात आणि तट पडले की मैदान जनतेचं झालं असं लिहून मोकळे होतात. घडलं वेगळंच. पट्ट्यातून रस्ते काढले गेले, आणि कोटाच्या बाजूने सचिवालय (१८७४), उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर (दोन्ही १८७८) अशी सार्वजनिक इमारतींची रांग उभी राहिली. या इमारती ओव्हलवरून थेट समुद्राकडे पाहत होत्या. पश्चिमेची आर्ट डेको इमारतींची रांग १९३०च्या दशकातली, बॅकबेच्या भरावावरची. म्हणून १९००च्या आसपासच्या ओव्हलबद्दल लिहिताना दोन्ही बाजूंना इमारती असलेलं आजचं चित्र डोळ्यांसमोर ठेवू नका. २०१८ साली या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारसा दर्जा मिळाला. मधलं मैदान दोघींना जोडणारं असलं, तरी दोघींच्या वयात अर्धशतकाहून अधिक अंतर आहे.

सगळीच मैदानं तोफेमुळे राहिलेली नाहीत. काही जागा मुळात तलाव होत्या. गवालिया टँक हे नावच ते सांगतं. ज्या मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ला ‘छोडो भारत’चा ठराव झाला, तिथे पूर्वी गुरं धुवायचा तलाव होता. शहरातले तलाव बुजवण्यामागे बऱ्याचदा हिवतापाचं कारण होतं. १९११च्या बेंटली अहवालाने विहिरी आणि साठलेल्या पाण्यावर बोट ठेवलं आणि त्यानंतर विहिरी बंद करण्याची मोहीम जोरात आली. विहिरीच्या पाण्याला धार्मिक स्थान असल्यामुळे विरोधही झाला. क्रॉस मैदानाच्या दक्षिण टोकाची १७२५ची भिखा बेहराम विहीर आजही टिकून आहे, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे. तिसरा प्रकार आखून सोडलेल्या जागांचा. १८९६च्या प्लेगनंतर १८९८मध्ये सुधारणा मंडळ म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आलं. त्याने दादर-माटुंगा भागात रस्ते, भूखंड आणि मोकळ्या जागा आधी कागदावर काढल्या, इमारती नंतर आल्या. शिवाजी पार्क या जातीचं आहे. वरळीचं जांबोरी मैदान बीडीडी चाळींच्या रांगांमध्ये आहे, त्याला चाळींपासून तोडून समजूनच घेता येत नाही. तुमच्या गल्लीमागचं मैदान यांपैकी कोणत्या जातीचं, हे ठरलं की कागद कुठे शोधायचे तेही ठरतं: लष्करी असेल तर सरकारी पुराभिलेख, तलाव असेल तर पालिकेच्या आरोग्य आणि पाणी खात्याचे अहवाल, आखलेलं असेल तर नगररचनेचे नकाशे.

आता नकाशांचं. मुंबईसाठी सगळ्यात उपयोगी म्हणजे कर्नल लॉटन यांची पाहणी, १८६५ ते १८७२ दरम्यानची. प्रमाण एका इंचाला ४० फूट, म्हणजे १:४८०. इतक्या मोठ्या प्रमाणात विहिरी, कुंपणं, घराचे ओटेसुद्धा दिसतात. तिच्याआधीची डिकिन्सन यांची पाहणी १८१०-२०च्या दशकांतली आहे. दोन्ही आजच्या नकाशावर बसवून पाहा. त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे.

चुका होतात त्या जुळवणीच्या बिंदूंत, म्हणजे जुन्या-नव्या दोन्ही नकाशांवर ओळखून एकमेकांवर बसवायच्या ठिकाणांत. समुद्रकिनारा बिंदू म्हणून घेऊ नका, भरावाने तो सरकला आहे. रस्त्याचा कोपराही नको, रस्ते रुंद झालेत. ज्या गोष्टी जागच्या हललेल्या नाहीत त्याच घ्या: सेंट थॉमस कॅथेड्रल, टाऊन हॉल, भिखा बेहराम विहीर, धोबीतलावची फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूट, क्रॉफर्ड मार्केट (टाऊन हॉल, इन्स्टिट्यूट आणि मार्केट ही तिन्ही डिकिन्सननंतर पूर्ण झालेली, त्यामुळे लॉटनच्या नकाशावरच उपयोगाची). किमान चार, शक्यतो सहा-सात बिंदू, आणि ते मैदानाच्या चारही अंगांना पसरलेले हवेत. सगळे बिंदू कोटात घेतले तर कोट अचूक बसतो आणि आझाद मैदानाचं उत्तर टोक भलतीकडे जातं. दुसरं म्हणजे घडी पडलेल्या कागदाचा मोबाइलने तिरका फोटो काढला असेल तर सॉफ्टवेअर काहीही करून तो बसवून देतं, पण ती जुळवणी खोटी असते. सपाट स्कॅन मिळत नसेल तर पत्रक तुकड्या-तुकड्याने बसवा. पाच-सहा मीटरची चूक मैदानाच्या हद्दीसाठी चालते. ‘विहीर नेमकी या झाडाखाली होती’ असं लिहिण्यासाठी ती चालत नाही.

रस्त्यांची नावं बदलल्यामुळे जुने कागद हातात येऊनही ओळखू येत नाहीत. हाताशी यादी ठेवा. एस्प्लनेड रोड म्हणजे महात्मा गांधी मार्ग. मेयो रोड म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. क्वीन्स रोड म्हणजे महर्षी कर्वे मार्ग. चर्चगेट स्ट्रीट म्हणजे वीर नरिमन मार्ग. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी मार्ग झाला, क्रुइकशँक रोडचा महापालिका मार्ग, कारनॅक रोडचा लोकमान्य टिळक मार्ग, वॉडबी रोडचा हजारीमल सोमाणी मार्ग. रॅम्पार्ट रोचं नाव आता के. दुभाष मार्ग आहे, जुनं नाव मात्र तट कुठे होता ते सांगून जातं. मराठी कागदांत फोर्ट हा शब्द शोधत बसू नका, ‘कोट’ किंवा ‘किल्ला’ शोधा. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ १८६३चं आहे, म्हणजे तट पाडायला लागले त्याच सुमाराचं. इंग्रजी साधनांत न दिसणारं रोजचं शहर त्यात आहे. १९०९-१०चं तीन खंडांचं मुंबई शहराचं गॅझेटियर सोबत वाचा. मात्र ते सरकारच्या नजरेने लिहिलेलं आहे: हद्दी आणि सालं तिथून घ्या, ‘लोकांनी स्वागत केलं’ छापाची वाक्यं घेऊ नका.

सगळ्यात रसाचा भाग परवानगीचा. १८७५ला आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आला, फक्त युरोपियनांसाठी. त्याच्या बाहेरच्या मैदानावर पारशी, हिंदू, मुसलमान पोरं क्रिकेट खेळत. जिमखान्याचे सदस्य तिथेच पोलो खेळू लागले. पोलो आठवड्यातून दोनच संध्याकाळी असे, मग भांडण कशाला? कारण घोड्यांच्या टापांनी जमीन उखणली जाते आणि खेळपट्टी लागते सपाट, घट्ट. दोन संध्याकाळींचा पोलो उरलेल्या पाच दिवसांचं क्रिकेट बिघडवत होता. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, निर्णय आधी बाजूने आणि मग उलटा असा फिरला. शेवटी तोडगा काय निघाला, तर समुद्रकाठी केनेडी सी फेसवर पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांना वेगवेगळे भूखंड. मरिन ड्राइव्हला आज हे तीन जिमखाने ओळीने दिसतात ती ही वाटणी. क्रिकेटच्या चौरंगी आणि पुढे पंचरंगी सामन्यांत धर्मावर संघ पडले, त्याची मैदानावरची आखणी आधीच झाली होती. मला विचाराल तर वीसपैकी दोन फलक यालाच द्या. जमिनीच्या वापराचं साधं भांडण समाजाच्या मांडणीत कसं उतरतं हे इथे स्वच्छ दिसतं. डिसेंबर १९३३मध्ये भारतातला पहिला कसोटी सामना याच बॉम्बे जिमखान्यावर झाला. कसोटी खेळायला भारतीय चालत होते, सदस्य म्हणून नाही.

मोर्चे आणि सभांचंही असंच बघा. कोणत्या साली कोण बोललं याच्या यादीपेक्षा जमावाला कुठे अडवलं आणि कुठे जाऊ दिलं हे पाहा. २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला. ती जागा मैदान नाही, चौक आहे. लोकांना विधिमंडळापर्यंत पोचायचं होतं आणि वाट तिथे अडवली होती. १८६४चं कारंजं आणि शेजारचं हुतात्मा स्मारक आज एकत्र दिसतात, त्याला हे कारण आहे. आता मोर्चे आझाद मैदानाच्या ठरवून दिलेल्या भागातच थांबवले जातात. म्हणजे मोकळी जागा आंदोलनाला मिळालीही आणि आंदोलन तिच्यात बंदिस्तही झालं. दोन्ही गोष्टी एकाच फलकावर असू द्यात. एकच लिहिली तर ती प्रचारपत्रिका होईल.

शिवाजी पार्कसाठी स्वतंत्र हिशोब. महापालिकेने १९२५ साली ते माहीम पार्क म्हणून सुरू केलं आणि नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने १९२७ला शिवाजी पार्क नाव आलं. क्षेत्र सुमारे २८ एकर. शिवरायांचा पुतळा आणि शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा (३० ऑक्टोबर) दोन्ही १९६६चे, त्यामुळे फोटोंची सरमिसळ फार होते. मैदान मुळात खेळासाठी की सभांसाठी, असं तुम्ही विचारलंय. कागदावर ते खेळाचं मैदान आहे. व्यवहारात ते पहिल्यापासून दोन्ही होतं, आणि दर पिढीला यावर भांडण झालं. २०१०मध्ये उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरवला. तेव्हापासून बिगरखेळ वापर ठरावीक दिवसांपुरता आणि परवानगीने होतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांचा मुक्काम हा वेगळा विषय आहे. त्याला ‘कार्यक्रम’ म्हणून इतरांच्या रांगेत बसवू नका. बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ला दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, तिथे लोक येत राहिले आणि जवळचं मोठं मैदान त्यांच्या निवाऱ्याचं ठिकाण झालं. कोणी आखून दिलेला हा वापर नाही, लोकांनी घडवलेला आहे.

मैदानाची मातीही पुरावा असते. मंडपाचे बांबू पुरले की खड्डे राहतात, ट्रक फिरले की जमीन दाबली जाते, मग पाणी मुरत नाही आणि गवत जातं. गवत गेलं की वरून माती टाकतात आणि उन्हाळ्यात ती उडते. शिवाजी पार्कच्या धुळीची तक्रार अशी वापराच्या इतिहासाला चिकटलेली आहे. भोवतीचा कट्टा, मैदानातले क्लब, व्यायामशाळा, देऊळ, स्काउट हॉल यांची जागा मालमत्ता पत्रकावर (प्रॉपर्टी कार्डावर) तपासा. कोणत्या तुकड्याचा भाडेपट्टा कोणाकडे, हे कळलं की ‘मैदान कमी कसं होत गेलं’ हा फलक आपोआप तयार होतो.

इथवरचं थोडक्यात: रिकामं का राहिलं, जुना नकाशा नव्यावर बसवा, नावांची यादी, मग परवानगी आणि वापर. फोटो आणि मुलाखती यानंतर, आधी नाही.

फोटोची तारीख पाठीमागच्या शाईवर सोडू नका, पोस्टकार्डं मूळ फोटोनंतर वर्षानुवर्षं छापली जात. फोटोत काय आहे आणि काय नाही हे बघा. राजाबाई टॉवर पूर्ण दिसतो तर १८७८नंतरचा. व्हिक्टोरिया टर्मिनस पूर्ण आहे पण शेजारी पालिकेची इमारत नाही, तर १८८८ ते १८९३च्या मधला. ट्राम घोड्याची असेल तर १८७४नंतरची, विजेची असेल तर १९०७नंतरची, आणि कोणतीही ट्राम १९६४च्या मार्चपर्यंतचीच. काळा घोडा हा घोडेस्वाराचा पुतळा मूळ जागी म्हणजे १८७९ ते १९६५. २०१७ला बसवलेल्या नव्या घोड्यावर स्वार नाही. काचेच्या निगेटिव्हवरून उलटे छापलेले फोटोही सर्रास फिरतात. दुकानाची पाटी किंवा घड्याळाचे आकडे वाचून बघा.

मुलाखतीत ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की सगळे तेच सांगतात: पूर्वी सगळं छान होतं. नेमकं विचारा. कोणत्या बाजूने आत शिरायचात? नळ कुठे होता? किती वाजेपर्यंत दिवे असत? कोण हाकलायचं? मुली कुठे खेळायच्या, की खेळायच्याच नाहीत? बायका कुठे बसायच्या? क्लबच्या पदाधिकाऱ्यांआधी खेळपट्टीची निगा राखणारा माळी, चणेवाला आणि समोरच्या चाळीतल्या आजी यांच्याशी बोला. काळ ठरवायला ‘कोणतं साल?’ विचारू नका, उत्तर अंदाजाने येतं. ‘गिरणी संपाच्या आधी की नंतर?’ असं विचारा. तो संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला. ‘ट्राम होती का?’ ‘२६ जुलैच्या पुरात इथे पाणी आलं होतं का?’ यांतूनही काळ बांधता येतो. दोन असंबंधित माणसांनी एकच गोष्ट सांगितली तरच फलकावर ठाम लिहा. नाहीतर ‘असं सांगतात’ हे दोन शब्द जोडा, त्याने फलकाची किंमत कमी होत नाही.

राहिलं तुमच्या गल्लीमागचं मैदान. त्याच्यावर कोणी लिहिलेलं नसणार, पण कागद असतो. आधी सर्व्हे क्रमांक काढा: शहर भागात सी.एस. नंबर, उपनगरात सी.टी.एस. नंबर. दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत. एकाचा क्रमांक दुसऱ्यात टाकला तर भलत्याच भूखंडाचं पत्रक हातात येतं आणि ते दिसायला अगदी खरं असतं, तेव्हा क्षेत्रफळ जागेशी ताडून बघा. पत्रकावर मालक आणि भाडेपट्टेदार यांचे रकाने वेगळे असतात, दोन्ही उतरवा. मग विकास आराखड्याची तिन्ही पत्रकं शेजारी ठेवा: १९६०च्या दशकातला पहिला, १९९०च्या दशकातला दुसरा आणि आताचा २०३४चा. ‘खेळाचं मैदान’, ‘मनोरंजन मैदान’ आणि ‘उद्यान’ ही आरक्षणं एकसारखी नाहीत. ती एका आराखड्यातून दुसऱ्यात बदलली असतील किंवा हद्द सरकली असेल, तर त्या दोन तारखांच्या मधली पालिकेची इतिवृत्तं आणि स्थानिक मराठी वर्तमानपत्रं चाळा. वर्तमानपत्रांसाठी दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जुन्या सरकारी कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख. पुराभिलेखात जाताना ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र सोबत न्या, आणि विषय ‘मैदानांचा इतिहास’ असा मोघम लिहू नका. खातं, सालं आणि रस्त्याचं जुनं नाव लिहिलंत तर शोधणाऱ्याला दप्तर काढता येतं.

छोट्या मैदानापासून सुरुवात करा असं सुचवेन. ओव्हलवर लिहिलेलं भरपूर मिळेल आणि त्यातच महिने जातील. गल्लीमागच्या मैदानाचं पत्रक आणि तीन आराखडे हाती आले की पहिला फलक तयार आहे.